गेरूच्या भिंतीवरचा सगळ्यात लहान मासा

फार पूर्वी, म्हणजे आजीच्या आजीलाही ही गोष्ट दुसऱ्या कुणीतरी सांगितली होती इतक्या पूर्वी, एका तळ्याकाठी एक गाव होतं. तळं मोठं, गाव लहान. तळ्यात खापरी नावाची मासळी होती. वाटोळी, चपटी, अंगावर काळे पट्टे आणि पोटाला हळद लागल्यासारखा रंग. खापराच्या तव्यावर एक टाकली की तवा भरायचा, म्हणून तिचं नाव खापरी.

गावाचा एक नियम होता आणि गावाला त्याचा भारी अभिमान होता. गळाला लागलेली खापरी आधी तळहातावर ठेवायची. तळहात झाकला गेला तर मासा घरी, तळहात उघडा दिसला तर मासा पाण्यात. डोळ्यांनी अधू म्हातारेसुद्धा हा नियम पाळायचे. दुसऱ्याच्या शेतातल्या शेंगा चोरणारेसुद्धा पाळायचे. परगावचा पाहुणा आला की त्याला जेवणाआधी नियम ऐकवला जाई. "आमच्याकडे पिल्लू कुणी खात नाही हो," असं म्हणत यजमान मोठ्या माशाचा तुकडा त्याच्या ताटात वाढी.

गावाची आणखी एक रीत होती. बाळाची उष्टावण फाल्गुनात व्हायची. त्यासाठी बाळाच्या आईने स्वतः तळ्यात उतरून मोठ्यात मोठी खापरी धरायची. काठावरच्या देवीच्या देवळाला एक लांबलचक भिंत होती. त्या माशाला गेरू फासायचा, तो भिंतीवर दाबून ठसा उमटवायचा, मग मासा धुऊन शिजवायचा. त्यातला नखाएवढा, काटा काढून काढून थकलेला तुकडा बाळाच्या जिभेवर ठेवायचा. मासा जेवढा मोठा, तेवढं बाळाला आयुष्य मोठं, असं सगळे मानत. गावातल्या प्रत्येक माणसाचा एक गेरूचा मासा त्या भिंतीवर होता.

याच गावात एक तरुण आई राहत होती. लग्न होऊन परगावाहून आलेली. माहेरी पंतोजींच्या शाळेत शिकलेली होती, त्यामुळे तिच्या भीत्यासुद्धा चांगल्या शिकलेल्या होत्या. दुसऱ्या बायका एका गोष्टीला एकदा भ्यायच्या. ही तिला चारी बाजूंनी भ्यायची. बाळ रडलं की, "पण जर पोटात दुखत असेल तर?" रडायचं थांबलं की, "पण जर रडायची ताकदच उरली नसेल तर?" गावात तिचं नावच पडलं होतं, 'पणजर वहिनी'. तिला ते ठाऊक होतं. कधीकधी तिला स्वतःलाच वाटायचं, आपल्या डोक्यात मेंदूच्या जागी एखादी टिटवी बसलेली असावी.

तिची लेक आठ महिन्यांची होती. अंगाने बारीक. मनगटं अशी की बांगडी कोपरापर्यंत चढायची. आणि तिची उष्टावण चार दिवसांवर आली होती.

"मोठा मासा धर हं सूनबाई," सासू म्हणाली. "पोरगी आधीच काडीसारखी आहे."

सासू म्हणजे गावातली गेरूवाली. चाळीस वर्षं भिंतीवरचा प्रत्येक मासा तिच्याच हाताने उमटला होता. गेरू कालवताना ती कुणाशी बोलत नसे. कालवून झाला की मात्र सगळ्या गावाशी बोलत असे.

"पण जर मिळालाच नाही तर, आत्याबाई?"

"न मिळायला काय झालं? नियम पाळणारं गाव आहे आपलं. तळं आपल्याला उपाशी ठेवायचं नाही."

शिवरात्र होऊन गेली होती. थंडी 'शिव शिव' म्हणत निघून गेली होती. तळ्यापलीकडचा पळस पेटल्यासारखा फुलला होता, आणि काठाचं उथळ पाणी दुपारी न्हाणीतल्या पाण्याइतकं कोमट लागत होतं. आई गळ, काठी आणि गांडुळांची करवंटी घेऊन तळ्यावर गेली. नवरा काठावर लेकीला मांडीवर घेऊन टोपली विणत बसला.

पहिल्या दिवशी अकरा खापऱ्या लागल्या. अकराच्या अकरा तळहाताहून लहान. तिने ओल्या हातांनी सगळ्या सोडून दिल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ लागल्या. त्याही तशाच.

"वहिनी, मासे धरताय की मोजताय?" पाणी भरायला आलेल्या शेजारणीने विचारलं.

"धरतेय हो. मोठा काही लागत नाही."

"माझ्या लेकाच्या वेळी दोन घटकांत लागला होता. हात लागतो त्याला हात," असं म्हणून शेजारीण घागर झोकात कमरेवर घेऊन निघून गेली.

तिसऱ्या दिवशी तिला एकसुद्धा धड खापरी मिळाली नाही. ती चिखलाचे पाय घेऊन देवळाकडे वळली. नेमका केवढा मासा लागतो, तेवढं तरी बघून यावं असं तिच्या मनात आलं. म्हणजे भीतीला निदान माप तरी मिळेल.

भिंतीपाशी येणारा गावकरी आपापला मासा शोधायचा, त्याला हात लावून नमस्कार करायचा आणि जायचा. आईचा मासा त्या भिंतीवर नव्हताच, ती परगावची. शिवाय पंतोजींनी तिला शिकवलं होतं, पोथी पहिल्या पानापासून वाचावी. म्हणून ती भिंतीच्या पहिल्या टोकाला, दाराशी जाऊन उभी राहिली आणि तिथून एकेक पाऊल पुढे सरकू लागली.

पहिला मासा ताटाएवढा होता. रंग फिकट झाला होता, पण पाठीवरचा एकेक काटा मोजता येत होता. त्याच्या पुढचे दहा-वीस मासेही तसेच. मग ते ताटलीएवढे झाले. नवऱ्याचा मासा तिला भिंतीच्या मध्यावर सापडला. तो ताटलीहून बोटभर कमी. तिथून पुढे ती सरकत गेली तसे मासे वाटीएवढे झाले. अगदी शेवटी, शेजारणीच्या लेकाचा, गेल्या फाल्गुनातला मासा होता. तिने त्यावर आपला तळहात ठेवला. मासा तळहाताबाहेर जेमतेम नखभर आला.

ती पुन्हा दाराशी गेली. पुन्हा सरकत आली. भिंत तीच, मासे तेच. एखाद्या दिव्यातलं तेल संपत यावं आणि ज्योत बारीक बारीक होत जावी, तशी ती गेरूची रांग बारीक होत गेली होती. आणि इतकी वर्षं, इतकी माणसं, रोज याच भिंतीशी हात जोडत होती!

ती धावतच घरी आली.

"अहो, मासे लहान होत चाललेत!"

"गेरू वाळला की आकसतो," नवरा टोपलीतून मान वर न करता म्हणाला.

"मग जुने जास्त आकसायला हवेत ना? जुनेच तर मोठे आहेत!"

नवऱ्याचे हात थांबले. पण तो शांत स्वभावाचा माणूस होता. थांबलेले हात पुन्हा चालू करायला त्याला फार वेळ लागत नसे. "तू दमलीस," तो म्हणाला. "जरा पड."

सासू म्हणाली, "बगळे माजलेत पलीकडच्या काठावर. दुसरं काय? आपण तर पिल्लाला हात लावत नाही."

"पण जर बगळे नसतील तर?"

"सूनबाई," सासू म्हणाली, "मासा धर. भिंतीचं मी बघते."

आईला वाटलं, असेलही. आपल्याला काय कळतं? आपण तर मांजराच्या शिंकेलासुद्धा घाबरतो. तिने गळ आणि करवंटी उद्यासाठी दाराशी ठेवली.

उष्टावणीचा दिवस उजाडला. देवळासमोर चूल मांडली गेली, सासू गेरू कालवायला बसली, आणि आई शेवटचा प्रयत्न करायला तळ्यावर आली. या वेळी ती नेहमीची खोल जागा सोडून लव्हाळ्याच्या बाजूला गेली. तिथे पाणी गुडघ्याएवढं होतं आणि इतकं निवळ की तळाचे खडे दिसत. तिथे एका सपाट दगडाजवळ तिला ती दिसली.

खापरी! आणि केवढी! ताटलीएवढी तर सहज असेल. पट्टे कोळशासारखे काळेभोर, पोट पिवळंधमक. दगडाच्या भोवती ती हळूहळू फिरत होती. तिच्या बाजूला तसलीच दुसरी, थोडी लहान.

तिने गळ सोडला. गांडूळ दगडाजवळ पोचलं न पोचलं, तोच मोठी खापरी बाणासारखी त्याच्यावर धावली. चाखणं नाही, हुंगणं नाही. एका झटक्यात गळ तोंडात! काठी वाकली, दोरी ताणली, आणि पुढच्या क्षणी तो जडशीळ, तडफडणारा मासा आईच्या दोन्ही हातांत होता. एका तळहाताने तो झाकला जाईना, दोन लागले.

"मिळाला!" ती ओरडली. "अहो, मिळाला!"

नवरा लेकीला कडेवर घेऊन काठाशी आला. "वा! वाहवा! आईला सांगतो, गेरू जास्त कालव म्हणावं!"

आईने माशाच्या ओठातून गळ अलगद काढला आणि मासा पाण्याने भरलेल्या मडक्यात सोडला. तिला हसू येत होतं आणि रडू येत होतं. लेक शंभर वर्षं जगणार होती. आता दगडाशी पडलेली करवंटी उचलावी म्हणून ती वाकली.

आणि वाकली ती तशीच राहिली.

सपाट दगड उघडा नव्हता. त्याच्यावर राळ्याचे दाणे चिकटवावेत तशी बारीक, मधाच्या रंगाची अंडी दाटीवाटीने चिकटलेली होती. प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके. ठिपके हलले. ते डोळे होते.

उरलेली लहान खापरी त्यांच्यावर परांनी वारा घालत होती. तेवढ्यात लव्हाळ्यातून बारीक चंदेरी मासळी आली. एक, दोन, मग मूठभर, मग सूपभर. खापरी डावीकडे धावली, तर ती उजवीकडून दगडावर तुटून पडली. खापरी उजवीकडे वळली, तर डावीकडून. मघापर्यंत दोघं होती तेव्हा एक धावायचं आणि एक राखायचं. आता धावायलाही तीच आणि राखायलाही तीच.

"थांबा!" आई ओरडली. माशांना कुठे ऐकू येतं! तिने पाण्यात हात मारले. पाणी गढूळ झालं. गाळ खाली बसला तेव्हा दगडाचा एक कोपरा पाटावरून रांगोळी पुसावी तसा स्वच्छ झाला होता.

एवढ्याशा वेळात! ओला पदर पिळायला लागतो तेवढा तरी वेळ गेला होता का?

मग तिला एकेक गोष्ट हळूहळू कळत गेली. खापरी भूक लागली म्हणून गळावर धावली नव्हती. लेकरांजवळ काहीतरी वळवळतंय म्हणून धावली होती. फाल्गुनात काठाचं पाणी उबदार होतं, म्हणून मोठ्या खापऱ्या याच दिवसांत इथे येतात. आणि याच दिवसांत गाव उष्टावणी करतं. 'दोन घटकांत लागला, हात लागतो त्याला' म्हणणाऱ्या शेजारणीचा मासासुद्धा असाच एका दगडापासून उचललेला असणार. नवऱ्याचा असाच. भिंतीवरचा एकूण एक असाच.

आणि तो नियम! लहान सोडा, मोठा धरा. खापरी ज्या दिवशी आईबाप होण्याएवढी वाढते, त्याच दिवशी ती तळहात झाकण्याएवढी होते. त्या दिवसापर्यंत तिला सांभाळायचं, आणि त्या दिवशी उचलायचं. चोरसुद्धा पाळत होते असला नियम!

"काय झालं ग?" नवऱ्याने विचारलं.

तिने बोटाने दगड दाखवला. त्याने लेकीला सावरत वाकून पाहिलं.

"सोडते मी तिला," आई म्हणाली.

"अगं, सोडतेस काय? सगळं गाव देवळाशी बसलंय. आणि पोरीचं..." त्याने लेकीच्या मनगटाकडे पाहिलं. "आई म्हणते, मोठा मासा नाही मिळाला तर बाळ अंगी धरत नाही. खरं-खोटं आपल्याला काय माहीत?"

खरं म्हणजे आईच्या मनात नेमकं हेच चाललं होतं. पण जर खरं असेल तर? पण जर लेक अशीच राहिली, पुढच्या पावसात आजारी पडली, आणि जन्मभर आपण म्हणत बसलो की त्या दिवशी मासा सोडला म्हणून? मडक्यात खापरी गोल गोल फिरत होती. तिचं तोंड मडक्याला आपटल्याचा आवाज येत होता. टक. टक. टक. दगडाशी दुसरी खापरी एकटीच धावत होती. आणि नवऱ्याच्या कडेवर लेक हात पसरून आईकडे झेपावत होती.

आयुष्यभर घाबरलेल्या त्या बाईला त्या क्षणी एक नवल वाटलं. तिची एक भीती दुसऱ्या भीतीपुढे चक्क लहान झाली होती.

"माझ्या लेकीचा पहिला घास," ती म्हणाली, "कुणाच्या तरी लेकरांची राखण उचलून नको."

आणि तिने मडकं पाण्यात आडवं केलं.

खापरी क्षणभर मडक्याच्या तोंडाशी घुटमळली. मग सरळ दगडाकडे गेली, वाटेत चंदेरी मासळीचा घोळका फोडून. जोडीदार डाव्या बाजूला गेला, ती उजव्या बाजूला. दगडावर निम्मी अंडी उरली होती. दोघांनी त्या निम्म्यांवर वारा घालायला सुरुवात केली.

मग आई उथळ पाण्यातून बाहेर आली, खोल बाजूला जाऊन बसली, आणि तिथे तिने तीन खापऱ्या धरल्या. अगदी पिल्लं नव्हेत, पण तळहाताहून बोटभर कमी. नियमाप्रमाणे सोडायच्या. तिने त्या मडक्यात ठेवल्या.

देवळाशी सगळे वाटच बघत होते. मासा मिळाल्याची आरोळी गावाने ऐकली होती. सासूने परातभर गेरू कालवून ठेवला होता. आईने मडकं पुढे केलं. सासूने हात घातला आणि एक खापरी बाहेर काढून तळहातावर ठेवली. तळहात उघडा दिसला.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"हे काय?" सासूने विचारलं. "ओरडलीस तो कुठंय?"

"सोडला, आत्याबाई."

"सोडला?"

"मोठा होता म्हणून सोडला. हे लहान आहेत म्हणून आणले."

गर्दीतून एकदम कल्ला उठला. "पिल्लू आणलं!" "नियम मोडला!" "देवीसमोर?" "तरी म्हटलं, शिकलेली सून करू नका!" शेजारणीने आपल्या लेकाला पोटाशी धरलं, जणू पणजर वहिनीचा वारा त्याला लागेल. सासूचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिच्या थोबाडीत मारलंय.

"चाळीस वर्षांत," ती हळू आवाजात म्हणाली, "या हातावर असला मासा कुणी ठेवला नव्हता. आणि ठेवला तो माझ्याच सुनेनं."

आईला पळून जावंसं वाटत होतं. पण तिने सासूचा गेरूने माखलेला हात धरला. "मला बोला, हवं तेवढं बोला. पण आधी एकदा माझ्याबरोबर चला. इथून त्या टोकापर्यंत. फक्त हात ठेवत चला, आत्याबाई."

सासू आली. बहुतेक रागानेच आली. भिंतीच्या पहिल्या माशावर तिने हात ठेवला. हाताच्या चहूबाजूंनी मासा उरला. "हा पणजोबांचा," ती म्हणाली.

"पुढे."

सासू पुढे सरकली. एकेका माशाचं नाव घेत. हा थोरल्या दिरांचा. हा सुताराचा. हा माझ्या लेकाचा, काय वादळ होतं त्या दिवशी! आता आपल्याच हाताने उमटवलेल्या माशांवर तिचा तोच हात पडत होता. थोडं पुढे गेल्यावर ती नावं हळू घेऊ लागली. आणखी पुढे गेल्यावर तिने नावं घेणंच सोडलं. शेवटच्या माशावर तिचा तळहात पडला आणि मासा दिसेनासा झाला. तिचा हात थोडा मोठा होता.

तिने हात उचलला. पुन्हा ठेवला. वळून पहिल्या टोकाकडे पाहिलं. सगळ्या गावाने तिच्याबरोबर तिकडे पाहिलं, आणि मघाचा कल्ला पाणी ओतल्यासारखा विझला.

"माझ्याच हातांनी," सासू म्हणाली. "चाळीस वर्षांचे सगळे माझ्याच हातांनी उमटवले. आणि मला दिसलं नाही?"

"तुम्ही वर्षाला आठ-दहा उमटवत होता, आत्याबाई. एका वर्षात कुणाला दिसणार?"

"पण आम्ही तर पिल्लं सोडत होतो!" कुणीतरी ओरडलं. ओरडण्यात राग कमी आणि भीती जास्त होती.

"पिल्लं सोडत होतो," आई म्हणाली, "आणि त्यांचे आईबाप शिजवत होतो. विश्वास नसेल तर लव्हाळ्यापाशी चला. पण पाण्यात पाय नका घालू. नुसतं वाकून बघा."

गाव लव्हाळ्यापाशी गेलं. वाकलं. सपाट दगडावर निम्मी अंडी होती, आणि ताटलीएवढी खापरी, ओठाला गळाची ताजी जखम घेऊन, त्यांच्यावर वारा घालत होती. तिने एवढ्या माणसांच्या सावल्या पाहिल्या आणि ती हलली नाही. शेजारीण सगळ्यात जास्त वेळ वाकून होती. सरळ झाली तेव्हा तिने पदराने डोळे पुसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "दोन घटकांत लागला होता."

देवळाशी परत आल्यावर सासूने परातीतला जास्तीचा गेरू बाजूला काढला. चिमूटभर ठेवला. ती एवढीशी खापरी तिने गेरूत बुडवली आणि भिंतीवर, शेवटच्या माशाच्या शेजारी, जपून दाबली. भिंतीवर तोपर्यंत उमटला नव्हता एवढा लहान मासा उमटला.

"शिजवा," ती म्हणाली. "पोरगी भुकेली आहे."

घासातले काटे आईने तीनदा काढले. चौथ्यांदा काढायला निघाली तेव्हा नवऱ्याने तिचा हात धरला. लेकीने घास जिभेवर घोळवला, तोंड वाकडं केलं, मग गिळला आणि आणखी मागितला.

त्या दिवसापासून गावाचा नियम बदलला. फाल्गुन-चैत्रात उथळ काठाला कुणी गळ लावायचा नाही. पिल्लं सोडायची आणि मोठ्याही सोडायच्या. खायची ती मधली, आणि तीही ज्याला लागेल तेवढीच. सुरुवातीला लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. मोठा मासा पाण्यात सोडताना हात जड व्हायचे, तोंडाला पाणी सुटायचं. पहिली दोन वर्षं भिंतीवर फारसा फरक दिसला नाही. कुजबुज झाली. तिसऱ्या वर्षीचे मासे नखभर मोठे उमटले. पाचव्या वर्षी मधल्या खापऱ्याच तळहाताबाहेर जाऊ लागल्या. काठावरच्या एका दगडाचे चार दगड झाले, चाराचे वीस. उष्टावणीच्या दिवशी आया आता बाळाला कडेवर घेऊन आधी लव्हाळ्यापाशी जात आणि राखणीला बसलेली खापरी दाखवून आणत.

आणि ती काडीसारखी लेक? ती काही पैलवान झाली नाही. पण धावायला लागली तेव्हा तिला धरायला दोन माणसं लागत. आई तिच्यामागे ओरडत असे, "अगं, पण जर पडलीस तर?" आता गावात त्यावर कुणी हसत नसे. उलट पंचायतीत काही नवं ठरवायचं असलं की म्हातारे विचारत, "पणजर वहिनींना बोलावलंत का?"

लेक आठ वर्षांची झाली तेव्हा एकदा ती भिंतीशी उभी राहिली. आजूबाजूचे सगळे मासे तिच्या माशाहून मोठे होते. आधीचेही आणि नंतरचेही.

"आई," ती फुरंगटून म्हणाली, "सगळ्यांत लहान मासा माझाच का? तुला मोठा धरता आला नाही?"

"आला होता," आई म्हणाली. "एका हातात मावत नव्हता, एवढा."

"मग?"

"मग त्याची लेकरं दगडावर बसून मला बघत होती."

मुलीने आपला हात उचलून त्या एवढ्याशा गेरूच्या माशावर ठेवला, थंडीत कुणाला पांघरूण घालावं तसा.

तात्पर्य: लहानांना वाचवायचं असेल तर त्यांना राखणाऱ्या मोठ्यांना आधी वाचवावं, आणि नियम पाळल्याचं समाधान मानण्याआधी, तो ज्यांच्यासाठी केला ते खरोखर वाचतायत का, हे एकदा वाकून बघावं.